बिनपट्टीचा पाय

पौष लागला की आमच्या पतसंस्थेत हुरड्याचा बेत ठरतो. एका सहकाऱ्याची माढ्याकडे शेती आहे. रविवारी सकाळी सगळे निघतात, गोवऱ्यांची आगटी पेटवतात, शेंगाची चटणी आणि गूळ बरोबर नेतात, आणि दुपारी काळ्या हातांनी परत येतात. मी कित्येक वर्षांत गेलेलो नाही. कधी पोटाचं कारण सांगतो, कधी दातांचं. "सोलापूरचा माणूस आणि हुरडा नको म्हणतो!" म्हणून ते मला हसतात. माझे दात ठणठणीत आहेत.

कारण आवाजाचं आहे. ज्वारीचं कोवळं कणीस धाटापाशी वाकवून मोडताना एक आवाज होतो. मोठा नसतो, कोरडाही नसतो. आत पाणी असलेली वस्तू मोडावी तसा, दबका आणि ओला. तो आवाज मी एकदा माणसाच्या पायातून आलेला ऐकला आहे. ऐकला म्हणणंही बरोबर नाही. तो माझ्या तळहातांत झाला.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आता पन्नाशीला टेकलो. मध्ये इतके हिवाळे गेले, पण पौषातलं ऊन एका ठरावीक कोनातून भिंतीवर पडलं की माझे हात गार पडतात. बायको म्हणते, रक्त कमी असेल, तपासून घ्या.

त्या हिवाळ्यात मोठा दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. खडी फोडायला गेलेली माणसं परतली होती, ज्वारी पुन्हा पिकली होती, आणि भवानी पेठेतले माग पहाटेपासून पुन्हा वाजू लागले होते. आमच्या गल्लीत सूत रंगवत. गटारीचं पाणी कधी लाल असे, कधी निळं, कधी हिरवंगार. आज कुठला रंग चालू आहे ते गटारीकडे बघून कळे. हवेत कापसाचे तंतू तरंगत असत, ते भाताच्या वाफेवर येऊन बसत आणि आई ते चमच्यानं बाजूला करी. मिलचा भोंगा झाला की घड्याळ नसलेल्या घरांतही चहा उकळायला लागे. आणि गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागले की कबड्डीचे सामने सुरू होत.

माझ्या घरी कानडी. वडिलांचं भुसाराचं दुकान. दोन गल्ल्या सोडून राजेशम राहायचा, त्याच्या घरी तेलुगू. आम्ही दोघं मराठीत बोलायचो, तीही सोलापूरची, 'काय बे' आणि 'करतो की'वाली. घरात जे बोलत नाही ते बोलायला ती भाषा बरी पडत असावी. त्याच्या घराची पुढची खोली म्हणजे माग. त्या मागावर त्याचे वडील बसत. त्यांना तो नायना म्हणे, म्हणून मीही नायनाच म्हणायचो. खाली खड्ड्यात पाय सोडून ते पावड्या दाबायचे, एकदा डावी, एकदा उजवी, आणि वर धोटा इकडून तिकडे पळायचा. राजेशमही सकाळ-संध्याकाळ त्याच मागावर बसे. त्याच्या पायात जी चपळाई होती ती त्या खड्ड्यातून आली होती, असं मला नेहमी वाटायचं.

चढाईला गेला की तो अर्धा नाचायचा. डाव्या पायावर सगळा भार ठेवून उजवा पाय असा लांब टाकायचा की समोरच्याला वाटे, हा आला, धरू या. आणि धरायला वाकावं तोवर अंगठा लागून पाय मागेही गेलेला असे. मी डाव्या कोपऱ्यात खेळायचो. माझं काम एकच, घोटा धरणं. रोज सकाळी तो पाय टाकी आणि मी पकडायला झेपावत असे. शंभरदा झेपावलो तर चार वेळा सापडे. "तुला झोपेत धरावं लागेल बे," मी म्हणायचो. "झोपेत तर लई वळवळतो मी. अम्माला विचार," तो म्हणायचा.

आम्हाला शिकवायचे इस्माईलचाचा. त्यांचा टांगा होता. सकाळी घोडं जोडायच्या आधी तासभर ते मैदानावर येत, तोंडात दातवण धरून. त्यांचा एक नियम मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. "पट्टी बांधे तो समझो पत्ता दे दिये."

म्हणजे असं. घोटा दुखावला असेल आणि तुम्ही त्याला पट्टी बांधून मैदानात उतरलात, तर समोरच्या कोपऱ्याला तुम्ही स्वतःच सांगितलं, इथं धर. म्हणून दुखऱ्या पायाला पट्टी बांधायची नाही. बांधायचीच असेल तर चांगल्या पायाला बांधायची. आम्ही तिला खोटी पट्टी म्हणायचो. ही युक्ती समोरच्यांनाही ठाऊक असे, पण पायावरची पट्टी खरी की खोटी हे बाहेरून ओळखायचा मार्ग नव्हता. खेळातला तो आणखी एक खेळ होता. आणि पट्टी स्वतःची स्वतः बांधायची नाही, जोडीदाराकडून बांधून घ्यायची, असाही रिवाज होता, कारण आपली आपण बांधली की ती सैल राहते. तेव्हा खरं काय ते दोघांनाच माहीत असायचं. ज्याचा पाय त्याला, आणि ज्यानं गाठ मारली त्याला.

आज हे लिहिताना मलाच धक्का बसतो. दुखरा पाय उघडा आणि धडधाकट पाय बांधलेला, असे आम्ही त्या टणक मातीवर खेळायचो, आणि यात काही वावगं आहे असं एकालाही वाटलं नाही. माझी मुलगी गिरिजा चौदा वर्षांची आहे. शाळेच्या संघात कबड्डी खेळते, तीही मॅटवर. मागच्या महिन्यात तिचा पाय मुरगळला. खेळाच्या सरांनी तिला सांगितलं, की एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो, म्हणून बरा झाला तरी खेळताना अँकलेट घालायचं. तिनं ते मला सांगितलं, इतकं सरळ, इतकं स्वच्छ. पाय दुखतो म्हणून पाय बांधायचा. 

राजेशमचा डावा घोटा त्या हिवाळ्यात नातेपुत्यात गेला. सामने होते, मैदान नांगरल्यासारखं खालीवर होतं. चढाईवरून परतताना पाय खळग्यात पडला. रात्रभर एसटीत त्यानं तो पाय माझ्या मांडीवर ठेवला होता. घरी अम्मानं हळद आणि तुरटीचा लेप घातला, मिठाच्या पाण्यानं शेकलं. आठ दिवसांत सूज उतरली. तो पुन्हा पावडी दाबू लागला, पण डावी दाबताना ओठ मिटून घेई. नायनांची नजर तेव्हा मंद होत चालली होती, तुटलेलं सूत त्यांना बोटानं शोधावं लागे. त्यांना मुलाचे मिटलेले ओठ दिसले नसावेत. मला दिसायचे.

अशात निरोप आला. एका मिलचा कबड्डी संघ होता, आणि संघात घेतलेल्या माणसाला मिलमध्ये नोकरी मिळे. कायमची. आमच्या मंडळातून दोघांना निवड सामन्याला बोलावलं होतं, राजेशमला आणि मला. जागा एकच आहे, हे पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मी इंटरला दोनदा नापास झालो होतो. दुकानावर थोरला भाऊ बसला होता, आणि दोघं बसतील एवढं ते दुकान नव्हतं. जेवायला बसलो की आई वाढता वाढता कानडीत विचारायची, "मुंद येनो?" पुढं काय रे? रोज. तिच्या आवाजात राग नसायचा, म्हणून घास अडकायचा. राजेशमच्या घरी तर काही विचारायचीच गरज नव्हती. शेजारच्या दोन घरांत यंत्रमाग आले होते. एका खोलीचा खडखडाट नायनांच्या मागाचा आवाज गिळून टाकायचा. दोन बहिणी लग्नाच्या होत्या. त्याला ती नोकरी माझ्यापेक्षा जास्त हवी होती, आणि तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. तोच निवडला जाणार, हेही.

त्या सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला होता. नायनांनी उरलेल्या सुताची दोन बोटं रुंदीची पट्टी विणली होती, खाटेच्या नवारीसारखी, पण मऊ. लाल आणि निळी, एकाआड एक. पोराच्या निवडीसाठी मुद्दाम विणलेली.

"घट्ट बांध," नायना मला म्हणाले. "सैल ताणा आन् सैल पट्टी, काय कामाचं न्हाय."

मी खड्ड्यात उतरलो. त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला, धडधाकट, आणि टाचेखालून पट्टी घेऊन वर फुली घालत ती बांधली. दोन गाठी मारल्या.

"कसं दिसतंय?" त्यानं विचारलं.

"लंगड्या घोड्यासारखं," मी म्हणालो.

"मग बरोबर हाय." तो हसला. मग डावा पाय पुढं करून म्हणाला, "मल्लू, हेबी बघ की जरा. काल ठणकत होतं."

मी अंगठ्यानं चाचपलं. "इथं?"

"थोडं मागं. खाली. हाड संपतंय ना तितं... हां! सोड बे, सोड, जीव घेतो का!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसतच होता. "कुणाला बोलू नको."

"मी कशाला बोलू," मी म्हणालो.

खरंच, मी कुणाला बोललो नाही.

निवड सामन्यात चिठ्ठ्या टाकून दोन संघ केले. आम्ही समोरासमोर आलो. भर दुपार होती, पण ऊन पौषातलं, पाठीवर हात ठेवल्यासारखं. मातीवर पाणी मारलं होतं, तिचा वास येत होता, फक्कीच्या पांढऱ्या रेघा नव्या होत्या. मिलचे साहेब खुर्चीवर वही घेऊन बसले होते. इस्माईलचाचा टांगा कुंपणापाशी लावून बघायला आले होते.

राजेशम त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला पुन्हा कधी बघितला नाही, आणि कुणीच बघितला नाही. तीन चढायांत त्यानं आमचे चौघे नेले. त्याची लाल-निळी पट्टी बघून आमचा उजवा कोपरा त्या पायावर दोनदा झेपावला आणि दोनदा तोंडावर पडला. साहेब वहीत लिहीत होते. ते काय लिहीत होते ते मला तिथून वाचता येत होतं म्हटलं तरी चालेल.

चौथ्या चढाईला तो माझ्याकडे आला. माझ्याकडे बघून त्यानं डोळा मिचकावला. दम चालू होता, कबड्डी कबड्डी, एका सुरात. डाव्या पायावर भार घेऊन त्यानं उजवा पाय लांब टाकला. पट्टीचा. कोपऱ्यातला कुठलाही खेळाडू पुढं आलेला पाय धरतो. मी त्या पायाच्या खालून आत घुसलो आणि मागचा धरला. बिनपट्टीचा. दोन्ही हातांनी. आणि अंगठा बरोबर तिथं होता, जिथं हाड संपतं.

त्याचा दम मध्येच तुटला. 'क' एवढाच आला, पुढचं आलं नाही. आणि मग तो आवाज झाला.

 मग टाळ्या वाजल्या. हे मला अजूनही खरं वाटत नाही. टाळ्या वाजल्या, आणि साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "वा! बिनपट्टीचा पाय ओळखला पोरानं! याला म्हणतात डोकं!" मी पालथा पडलो होतो, तोंडात माती होती, पाय अजून माझ्या हातात होता. मी मान वर केली तेव्हा दिसलं, की राजेशमचा गुडघा आकाशाकडे आहे आणि पाऊल भलतीकडे बघतं आहे. टाळ्या एकेक करत थांबल्या. माझे हात सुटेनात. कुणीतरी माझी बोटं एकेक करून उकलली.

तो ओरडला नाही. माझ्याकडे बघत राहिला, भुवया वर करून, जसं काही मी त्याला एखादा प्रश्न विचारलाय आणि त्याला उत्तर येत नाहीये.

त्याला टांग्यात घातलं. इस्माईलचाचांनी लगाम हातात घेतला आणि मग खाली वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "तेरेकू मालूम था क्या रे?"

"नहीं, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि घोड्याला हाक दिली. त्यांनी नंतर मला कधीच काही विचारलं नाही. खेळायलाही कधी बोलावलं नाही.

दवाखान्यात मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मी खाटेपाशी उभा राहिलो.  तोच बोलला. "तुला गंमत सांगू? मला आनलं तवा डावा टावेलात गुंडाळलेला, कंपाउंडर उजव्याच पायाला लागला की. पट्टी सोडायला बसला. मी म्हनलं, अहो ह्यो न्हाय, त्यो. त्योबी फसला बे!" आणि हसला. मग म्हणाला, "गाठ लई घट्ट मारलीस तू. सुटंना. कात्रीनं कापली शेवटी." उशाशी त्या पट्टीचे दोन तुकडे नीट घडी घालून ठेवले होते. नायनांनी ठेवले असणार.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा तो झोपला होता. मला हायसं वाटलं. मी पाय न वाजवता परत आलो.

घोटा जुळला, पण वाकायचा थांबला. जमिनीवर टेकायचा, भार घ्यायचा, पण वरखाली होईना. म्हणजे चालता येईल, पावडी दाबता येणार नाही. त्या पायानं कबड्डी गेली हे सगळ्यांना कळलं. माग गेला, हे मला सगळ्यांत आधी कळलं, कारण त्याचा पाय माझ्याएवढा कुणी बघितलेला नव्हता.

मला नोकरी लागली.

पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा आई दारात उभी राहून रडली, आनंदानं. मी मिलमध्ये वीस वर्षं काढली, ती बंद पडेपर्यंत. त्या नोकरीवर लग्न झालं, घर झालं, गिरिजा झाली. मी भवानी पेठ सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. पेठेत काम निघालं तर त्याची गल्ली टाळून वळसा घेतो. एकाच गावात राहून इतकी वर्षं माणूस एका माणसाला चुकवू शकतो, याचं मला नवल वाटतं. त्यासाठी रोज लक्ष ठेवावं लागतं. चुकवताना मी त्याला रोज आठवत होतो.

आणि या सगळ्या वर्षांत मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. की खेळात विचार करायला वेळ नसतो. की हात आपोआप गेले. की सवयीनं गेले, रोज सकाळी तोच पाय बघत होतो म्हणून गेले. यात खोटं काय आहे? कुणीही पटवून घेईल. मीही घेतलं होतं.

पण वर त्या सकाळचं लिहिताना मी एक गोष्ट गाळली. पेन तिथं अडखळलं होतं, तरी मी पुढं लिहीत गेलो. आता लिहितो. खड्ड्यात बसून मी त्याचा डावा घोटा एकदा नाही, दोनदा दाबला. पहिल्यांदा त्यानं सांगितलं म्हणून, काळजीनं. तो "सोड बे" म्हणाला आणि मी सोडला. मग तो नायनांशी बोलायला मागं वळला, तेव्हा मी अंगठा पुन्हा तिथं ठेवला. हलकेच. त्याला कळलंही नसेल. मी ती जागा पाहून घेत होतो.

तेव्हा चिठ्ठ्या पडल्या नव्हत्या. आम्ही समोरासमोर येऊ की एका बाजूला, हे ठाऊक नव्हतं. तरी अंगठा गेला. कुणी मला विचारलं असतं की का दाबतोयस, तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. पण मी विचार केला नव्हता, असं मला आता म्हणता येणार नाही.

गिरिजा म्हणाली, "बाबा, दुकानातलं अँकलेट नको. दोन महिन्यांत ढिलं पडतं. भवानी पेठेत एक मामा शिवून देतात. आमच्या सगळ्या मुली तिथूनच आणतात. पण ते एक देत नाहीत, जोडीच देतात. मी सांगितलं, माझा एकच पाय दुखतो, तर संघातली सीमा म्हणाली, ते ऐकतच नाहीत."

माझ्या मनात काही आलं नाही. आलं असतं तर मी तिला तिच्या आईबरोबर पाठवलं असतं. तिनं मागं बसून पलीकडच्या नव्या बोळातून रस्ता सांगितला, मी स्कूटर चालवत राहिलो, आणि ती म्हणाली, "हेच," तेव्हा मी बघितलं की माझ्यासमोर तेच घर आहे. पुढच्या खोलीत माग नव्हता. खड्डा बुजवून फरशी घातली होती. खड्ड्याच्या जागी शिवणयंत्र होतं. भिंतीवर खिळ्यांना जोड्या टांगलेल्या होत्या, जाड कापडाच्या, नाडी ओवायला भोकं पाडलेल्या, आणि प्रत्येकीवर टाचेखालून फुली घालत वर जाणारी पट्टी. लाल आणि निळी, एकाआड एक. वीस-पंचवीस जोड्या असतील. 

यंत्रावर बसलेल्या माणसानं मान वर केली. केस पांढरे झाले होते. उजव्या पायानं तो यंत्राची पावडी चालवत होता, डावा बाजूला सरळ सोडलेला होता.

"ये की बे मल्लू," तो म्हणाला. जणू मी कालच येऊन गेलो होतो. "पोरगी का तुझी?"

मी मान हलवली असावी.

"नाकावरनं कळतंय. बस गं, पाय दे." त्यानं फीत काढली. गिरिजा पाटावर बसली आणि भराभर बोलू लागली, तिला कुठंही परकं वाटत नाही. तिची टाच त्यानं तळहातावर घेतली, एखादी काचेची वस्तू घ्यावी तशी. घेर मोजला, उंची मोजली, खडूनं फरशीवर आकडे लिहिले.

"मामा, तुम्ही एकच का देत नाही?"

"एक बांधला की दुसरा उघडा पडतो."

"पण माझा तर फक्त डा..."

"थांब." त्यानं फीत धरलेला हात वर केला. आवाज चढवला नाही. "सांगायचं न्हाय. मला सांगू नको, मैत्रिणीला सांगू नको. तुझा कुठला पाय दुखतो ते कुणाला म्हाईत असायचं काम न्हाय. दोनी बांधायचे."

गिरिजा हसली. "बाबांना माहितीय की!"

यंत्राचं चाक थांबलं होतं. बाहेर कुठंतरी यंत्रमाग खडखडत होता. राजेशमनं आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. तीच नजर, त्या मैदानावरची. फक्त आता भुवया वर गेल्या नाहीत. आता त्याला उत्तर येत होतं. किती वर्षांपासून येत होतं, देव जाणे. दवाखान्यात तो झोपला होता तेव्हाही कदाचित जागा होता.

मी त्याला तिथं सांगायला हवं होतं.  मी खिळ्यांवरच्या जोड्या मोजत राहिलो.

"असू दे," तो गिरिजाला म्हणाला. "बाप हाय." मग त्यानं खिळ्यावरची तिच्या मापाची एक जोडी काढली आणि माझ्या हातात दिली. "घालून बघ तिला. तूच बांध. गाठ चांगली मारतोस तू."

मी फरशीवर बसलो. तिथंच, जिथं खड्डा होता. आधी उजवा बांधला. मग डावा मांडीवर घेतला. टाच आत सरकवली, पट्टी खालून घेतली, फुली घातली. नाडी ओढताना अंगठा आपसूक त्या जागी आला, जिथं हाड संपतं, आणि गिरिजानं ओठ मिटून घेतले.

मी अंगठा उचलला. नाडी सैल केली, पुन्हा ओवली. भोक सापडेना. "बाबा, मी करते ना," ती म्हणाली. मी नको म्हणालो.

 यंत्रावर कोपर टेकून, वाकून राजेशम बघत होता. माझ्या तोंडाकडे नाही, पोरीकडे नाही. माझी शेवटची गाठ बसेपर्यंत त्यानं माझ्या अंगठ्यावरची नजर काढली नाही.